स्तामेनाआत्या कुठवर पोचली

गाढववळण आलं आणि स्तामेनाआत्यानं एका हातानं रुमाल तोंडाशी धरून दुसऱ्या हातानं काचेवर टकटक केली. वुकोतानं गाडी थांबवली. आत्या उतरली, रस्त्याकडेच्या झुडपाआड गेली आणि तिथे जे व्हायचं ते झालं. वुकोता स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिला. काल आत्या मधपेट्यांच्या वळणापर्यंत टिकली होती. आज त्याच्याही अलीकडे. म्हणजे आठवडाभराच्या खटाटोपानंतर गाडी सुधारण्याऐवजी बिघडली होती.

आत्या तोंड पुसत परत आली आणि दारातच उभी राहिली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. "गाडी बरी आहे रे वुको. पाय तुझा वाईट आहे. दाबतोस काय, सोडतोस काय. पोटातलं लोणी वर येतं माझ्या."

"आत्या, साधी गाडी नाही ही. चारशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात."

"असेल. पण त्यातला एकही शिकवलेला दिसत नाही," आत्या म्हणाली आणि व्रेलाच्या दिशेनं पायी चालायला लागली.

वुकोता मागून गाडी हळूहळू चालवत तिची मनधरणी करत राहिला, पण ती काही बसली नाही. गावातल्या लोकांनी कुंपणावर कोपर टेकून ही मिरवणूक पाहिली. पुढे काळ्या कपड्यातली ऐंशीची म्हातारी, मागे काळी, लांबलचक, चकचकीत जर्मन सेडान. व्रेलात लोक तोंडावर बोलत नाहीत, घरी जाऊन कॉफीबरोबर बोलतात.

वुकोतानं आयुष्यभर श्टुटगार्टात भिंतींना गिलावा केला होता. इतरांची घरं गुळगुळीत करता करता त्याच्या तळहातांना भेगा पडल्या, आणि निवृत्त होताना त्यानं एकच चैन केली. ही गाडी घेतली. तिकडच्या सरळ रस्त्यावर ती अशी जायची की पुढ्यात ठेवलेल्या कपातली कॉफी हलत नसे. ती घेऊन तो मोठ्या दिमाखात मॉन्टेनेग्रोच्या डोंगरात, आपल्या गावी परत आला आणि पहिल्याच वळणाला त्याला कळलं की हिला वळायला आवडत नाही. नाक एकीकडे, शेपूट दुसरीकडे, आणि आतली माणसं तिसरीकडे.

हे सगळं त्यानं निमूट सोसलं असतं. पण पुतण्याचं लग्न ठरलं होतं. त्याचा धाकटा भाऊ रादोये वारला होता आणि हा बाल्शा त्याचा एकुलता एक मुलगा. आता व्रेलात लग्न म्हटलं की निशाण आलं. उंच काठीवर लाल-पांढरं निशाण, टोकाला सफरचंद खोचलेलं, आणि ते ज्या गाडीत असतं ती सगळ्या वऱ्हाडाच्या पुढे. निशाणाच्या गाडीला कोणी ओलांडायचं नाही. ते निशाण धरायचा मान सख्ख्या काकाचा. एवढ्यासाठीच वुकोतानं ही गाडी घेतली होती, असं म्हटलं तरी चालेल.

कारण दुसरंही होतं आणि ते तो कोणाला सांगत नसे. रादोयेच्या मयताला तो पोचला नव्हता. छताचं काम अर्धं होतं, मालकानं सोडलं नाही, मग विमान चुकलं. भावाची शवपेटी खांद्यावर घेतली ती चुलतभाऊ यागोशनं. त्यानंतर बाल्शाला सरपण फोडायला, बोकड सोलायला आणि मुलीच्या बापाशी बोलायलाही यागोशनंच शिकवलं. वुकोता पार्सलं पाठवत होता. त्यात बूट असत आणि चॉकलेट असे. बूट नेहमी एक नंबर लहान निघत, कारण पोरगा तोवर वाढलेला असे.

आणि घोटाळा झाला तो साखरपुड्याच्या दिवशी. होणारी सून नेवेना डोंगरापलीकडच्या यासेनोवोची. वुकोतानं तिला आणि तिच्या आईला कौतुकानं गाडीत बसवून फेरी मारली. तिसऱ्या वळणाला नेवेनाला मळमळलं आणि चौथ्या वळणाला तिच्या आईचा नवा स्कर्ट गेला. दोन दिवसांनी बाल्शा मान खाली घालून आला. काका, ती म्हणते चालत येईन पण त्या गाडीत बसणार नाही, असं त्यानं कसंबसं सांगितलं. मग निशाण यागोशकाकाच्या जीपमध्ये ठेवायचं का, हे त्यानं विचारलं नाही. तो नुसता टोपी फिरवत बसला.

यागोशची जीप रशियन बनावटीची, चौकोनी, युगोस्लाव्हियाच्या काळातली. देशाचे सहा तुकडे झाले, जीपचं एक दार तेवढं सुटलं. खिडक्या बंद होत नसत, त्यामुळे वारा भरपूर लागे आणि मळमळ कमी होई. यागोशनं फक्त जीप धुवून ठेवली, आणि ते वुकोताला फार लागलं.

"मला लग्नापर्यंत वेळ दे," वुकोता बाल्शाला म्हणाला. "गाडी वळणांवर नीट चालवून दाखवतो. नाही जमलं तर निशाण मी स्वतः यागोशच्या हातात देईन."

नेवेनानं निरोप धाडला की स्तामेनाआजी व्रेलापासून यासेनोवोपर्यंत न उतरता आली तर मीही बसेन. पोरगी हुशार होती. सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं की स्तामेनाआत्या तरुणपणी पहिल्यांदा बसमध्ये बसली त्या दिवसापासून तिला कोणतंच वाहन सोसलं नव्हतं. बस, ट्रक, ट्रॅक्टर, एकदा तर थांबलेली रुग्णवाहिकासुद्धा. यागोशच्या जीपमध्ये ती तुतीच्या वळणापर्यंत गेली होती आणि हाच आजवरचा विक्रम होता. पुढचं देवळाचं वळण आणि त्यापुढचं रडकं वळण तिला फक्त ऐकून माहीत होतं.

वुकोता निक्षिच शहरात गेला आणि मोमिरच्या गॅरेजात गाडी लावली. मोमिर बोलका माणूस. गाडी बघायच्या आधीच त्याला रोग कळत असे. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, गाडी दोनदा खालीवर हलवली आणि गंभीर चेहरा केला.

"मऊ आहे," तो म्हणाला. "गादी आहे ही. गादीवर बसून कोण वळणं घेतं? हिला कडक करू, खाली बसवू. मग बघ, जमीन चाटत जाईल."

जमीन चाटत जाईल हे त्यानं कौतुकानं म्हटलं होतं, पण ते शब्दशः खरं झालं. आखूड, कडक स्प्रिंगा घातल्यावर गाडी इतकी खाली बसली की व्रेलाच्या वेशीवर गुरं अडवायला घातलेल्या लोखंडी दांड्यांवरून जाताना तिचं पोट किंचाळलं. आत्याला मात्र मळमळलं नाही. मळमळायला सवडच मिळाली नाही. मधपेट्यांच्या वळणाला तिची कवळी निसटून पुढच्या सीटखाली गेली आणि ती शोधेपर्यंत आत्या वुकोताला खाणाखुणांनी शिव्या देत होती. कवळी सापडल्यावर तिनं त्याच शिव्या तोंडानं दिल्या.

मोमिरनं मान डोलावली. स्प्रिंगा बरोबर आहेत, टायर अरुंद आहेत, त्याचं म्हणणं पडलं. रुंद टायर आले. आता गाडी रस्त्याला चिकटून बसे, पण चाक पुरतं वळवलं की टायर मडगार्डला घासून असा हुंदका देई की आसपासची कुत्री जमत. गाढववळणाला चाक पुरतं वळवावंच लागे. तिथे वुकोताला पुढे-मागे, पुढे-मागे करत वळण घ्यावं लागलं आणि त्या पुढे-मागेनं आत्याचं काम झालं. आपण ज्या सकाळी गोष्ट सुरू केली ती हीच.

मग गाव मैदानात उतरलं. सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि व्रेलात उंटावरच्या शहाण्यांना तोटा नाही. सगळ्यांचं एकमत झालं की अशा गाडीचं इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, त्यामुळे मागे वजन हवं. हिवाळ्यात बर्फावर सगळेच डिकीत वाळूची पोती टाकतात. जर्मनीत राहून तू हे विसरलास, असं म्हणून प्रत्येकानं आपापलं पोतं आणून दिलं. यागोशनंही एक आणलं. ते सगळ्यात चांगलं भरलेलं होतं आणि तोंड नीट शिवलेलं होतं. वुकोतानं ते आभार न मानता ठेवून घेतलं.

पोत्यांनी शेपूट जागेवर आलं. आत्या त्या दिवशी तुतीच्या वळणापर्यंत गेली, म्हणजे यागोशच्या विक्रमाला हात लागला. पण तिथे दोन पोती फुटली, वाळू गालिच्यात गेली, सीटखाली गेली, आणि तीस वर्षं लोकांच्या घरातली वाळू झाडणाऱ्या वुकोताला ते बघवेना. त्यानं वाळू काढून टाकली. जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी त्यानं सिमेंट आणून ठेवलं होतं, त्याच्या कागदी बंद गोणी डिकीत एकाशेजारी एक लावल्या. किती सुबक दिसलं ते. मग उरलीसुरली वाळू धुवायला म्हणून त्यानं अंगणातला पाण्याचा पाइप आणून डिकीत सोडला आणि तेवढ्यात आत्यानं आतून हाक मारली की कॉफी झाली.

व्रेलात कॉफी अर्धी टाकून उठणं म्हणजे यजमानाच्या घरावर दगड मारण्यासारखं आहे. कॉफीनंतर राकिया, म्हणजे घरची फळांची दारू आली, राकियाबरोबर खारवलेलं मांस आलं, मांसाबरोबर रादोयेची आठवण आली. आत्या रडली, वुकोताही रडला. डोळे पुसत तो बाहेर आला तेव्हा पाइप डिकीत पडल्या जागी वाहत होता आणि कागदी गोणी फुगून फाटल्या होत्या.

सिमेंटला पाणी लागलं की काय होतं हे त्या डोंगरात वुकोताइतकं कोणाला माहीत नव्हतं. उन्हाचा दिवस होता. त्यानं फावडं आणलं, हातांनी ओरबाडलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डिकीचा तळ एखाद्या उत्तम गच्चीसारखा घट्ट झाला होता. सवयीनं त्यानं त्यावरून हात फिरवला. कडा सोडल्या तर लेव्हल बरोबर होती. मग तो डिकीच्या काठावर बसला आणि त्याला वाटलं की परत आलो हीच चूक झाली. आपण जिथे असायला हवं तिथे कधी नसतो आणि जिथे असतो तिथे हे असं करून ठेवतो.

लग्न दोन दिवसांवर आलं होतं. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून त्यानं शेवटचं म्हणून आत्याला गाडीत बसवलं. जिवावर उदार होऊन, पाय जपून, कारण उगीच घाई करण्यातही आता अर्थ नव्हता. गाढववळण गेलं. मधपेट्या गेल्या. तुती आली तेव्हा आत्यानं रुमाल काढला, नाकापर्यंत नेला आणि परत पदराच्या घडीत ठेवावा तसा बाहीत खोचला. देवळाच्या वळणाला तिनं तीनदा क्रूस काढला. रडकं वळण गेलं आणि समोर यासेनोवोची छपरं दिसली.

"हे यासेनोवो का?" आत्यानं विचारलं. "मला वाटलं होतं मोठं असेल."

डिकीतलं सिमेंट मागच्या चाकांवर डोंगरासारखं बसलं होतं आणि गाडी रुळावरून जावी तशी आली होती. नेवेना दारात येऊन हे पाहत होती. तिनं आत्याला हात देऊन उतरवलं, तिचा रंग निरखून पाहिला आणि हसली. निशाण वुकोताचं झालं. त्या संध्याकाळी त्यानं मोमिरला फोन करून लग्नाचं आमंत्रणसुद्धा दिलं.

लग्नाच्या दिवशी सूर्य चांगला वर आला तेव्हा वऱ्हाड निघालं. प्रत्येक गाडीच्या आरशाला पांढरा टॉवेल बांधलेला, हॉर्न एकसारखे वाजताहेत, कोणी खिडकीतून बंदुकीचे बार काढतंय. सगळ्यांच्या पुढे काळी सेडान, खिडकीतून बाहेर काढलेलं निशाण, आणि गाडी चालवताना वुकोताची मान इतकी ताठ की शेजारी बसलेल्या मोमिरला वाटलं याची मान अवघडली. मागे आत्या एकटी ऐटीत बसली होती. तिच्यामागे बाल्शाची गाडी, आणि मग यागोशची जीप. यागोशनं एकदाही ओलांडण्याचा विचार केला नाही. उलट अंतर राखून होता. वुकोताला त्या दिवशी तोही आवडला.

यासेनोवोत नेवेनानं घराच्या छपरावरून शकुनाचं सफरचंद फेकलं, ते पलीकडे पडलं, लोकांनी आरोळी दिली. भाजलेलं कोकरू झालं, राकिया झाली. नवरीला निशाणाच्या गाडीत मागे बसवलं, शेजारी आत्या. आता एकदा बसली की नवरी देवळाच्या पायरीशीच उतरणार, वाटेत जमिनीला पाय लावणार नाही. वुकोतानं चावी फिरवली, चारशे घोडे गुरगुरले आणि त्यानं गाडी रडक्या वळणाकडे वळवली.

"इकडे कुठे?" मागून आत्यानं विचारलं.

"घरी, आत्या."

"याच रस्त्यानं आलो ना आपण?"

वुकोताचा पाय गाडीच्या सगळ्या पेडलांवरून निसटला. हॉर्न एकेक करत थांबले. नवरी आल्या वाटेनं नेत नाहीत. आल्या वाटेनं नेली तर ती त्याच वाटेनं माहेरी परत जाते, हे व्रेलात शेंबडं पोरही सांगेल. सगळ्या गावानं दोन आठवडे गाडीवर डोकं चालवलं होतं, वळण न् वळण तिच्या अंगवळणी पाडलं होतं, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं की हा रस्ता फक्त जायचा आहे.

दुसरी वाट खिंडीतून होती. लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक जाण्यासाठी कधी काळी केलेली, दगडधोंड्यांची. बाल्शा गाडीतून उतरून आला आणि टोपी नसल्यामुळे नुसतेच हात चोळू लागला. यागोशही आला. तो गाडीच्या पोटाकडे आणि जमिनीकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"वुको," तो शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "पाहिजे तर अजून इथेच बदलू. नवरी अजून दारातच आहे म्हणायची."

"निशाण माझ्याकडे आहे," वुकोता म्हणाला आणि खिंडीच्या वाटेला लागला.

खिंडीपर्यंत चढ. पहिल्या चढावर पोट घासलं, दुसऱ्या चढावर मोमिरला खाली उतरवलं. वजन कमी करायला हवं होतं आणि माणसं उतरली तरी सिमेंट उतरणार नव्हतं. तिसऱ्या चढावर खालून असा आवाज आला की सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. मोमिर पोटावर झोपून खाली डोकावला आणि उठला तेव्हा त्याच्या लग्नाच्या शर्टावर काळा ओघळ होता. इंजिनच्या तेलाची टाकी फुटली आहे, आता इंजिन चालू केलं तर ते कायमचं जाईल, असं त्यानं सांगितलं. या खेपेला त्याला रोग कळायला बघावं लागलं होतं.

मागे वऱ्हाडाच्या गाड्या एकीमागे एक उभ्या राहिल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, ओलांडायला जागा नाही. फक्त यागोशची जीप बांधावर दोन चाकं चढवून पुढे जाऊ शकत होती. नवरी उतरायची नाही, आत्या उतरू द्यायची नाही. व्रेलात पुजारी देवळाच्या दारात वाट बघत असणार. सगळ्यांना दिसत होतं की उपाय एकच आहे, जीप पुढे घालून दोरानं ओढायचं. आणि जीप पुढे म्हणजे निशाण मागे. यागोश दरीकडे तोंड करून सिगारेट ओढत उभा राहिला.

वुकोतानं आरशात पाहिलं. मागे नेवेना पांढऱ्या झग्यात घट्ट हात मिटून बसली होती. रडत नव्हती, पण फार वेळ लागला तर रडेल असं दिसत होतं. त्याला रादोये आठवला. त्या वेळी पोचता आलं नाही, आणि आता पोराच्या लग्नाला पोचलो तो सगळ्यांची वाट अडवून बसायला. तो उतरला. खिडकीतून निशाण सोडवलं, ते घेऊन यागोशपाशी गेला आणि त्याच्या हातात दिलं.

"घे. पुढे हो. दोर बांध."

"वुको, तसं नको..."

"घे म्हणतो ना. त्याला खांद्यावरही तूच नेलंस. पोराला तूच नेत होतास सगळीकडे. हे माझं कधी नव्हतंच."

यागोशनं निशाण धरलं. मग त्यानं उगीचच मोठ्या आवाजात मोमिरला सांगितलं की दोर आण. जीप बांधावरून पुढे गेली. मोमिर दोराचं टोक घेऊन सेडानच्या पुढे वाकला, मग चाचपडला, मग सरळ झाला.

"हुक कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"कसला हुक?"

"ओढायचा. असल्या गाड्यांना तो सुटा देतात. पुढे भोक असतं, त्यात पिळून बसवायचा. डिकीच्या तळाशी, स्टेपनीजवळ ठेवलेला असतो."

वुकोतानं जाऊन डिकी उघडली. हुक तिथेच होता. स्टेपनीही तिथेच होती, जॅकही, आणि सगळं वर्षानुवर्षं टिकेल असं पक्कं होतं. दुसरीकडे कुठे बांधू म्हणून मोमिरनं खाली हात घालायचा प्रयत्न केला, पण गाडी इतकी खाली बसवलेली की हात जाईना. बंपरला बांधला तर तो प्लास्टिकचा, म्हणजे व्रेलाला फक्त बंपर पोचेल, असं तो म्हणाला.

यागोश डिकीत डोकावून बराच वेळ बघत राहिला. त्याचे खांदे हलू लागले. वुकोताला वाटलं हा रडतोय, पण तो हसत होता, आणि हसता हसता त्याला धरायला काही हवं होतं म्हणून त्यानं वुकोताचाच खांदा धरला.

"काम फार छान झालंय रे," तो म्हणाला. "लेव्हल बघा लेव्हल."

मग त्यानं निशाण परत नेऊन सेडानच्या खिडकीत खोचलं, जीप मागे घेतली, कोट काढून आत टाकला आणि बाह्या सारून गाडीच्या मागे उभा राहिला. ढकलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाल्शा आला, मोमिर आला, नवरीचे भाऊ आले, दोघे-तिघे मामा आले. वुकोता स्टिअरिंगवर बसला. इंजिन बंद असल्यामुळे चाक दगडासारखं जड झालं होतं आणि ब्रेक त्याहून जड. झटका द्यायचा म्हटलं तरी देता येत नव्हता. मागून कोणीतरी जुनं चढणीचं गाणं धरलं आणि गाडी इंचाइंचानं खिंडीकडे सरकू लागली.

खिंडीनंतर उतार लागला. आता ढकलायची गरज नव्हती, पण कोणी हात काढला नाही. चरून आलेल्या गाईच्या पाठीवर हात ठेवून चालावं तशी माणसं गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालत राहिली. वुकोता दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन, एकेक वळण काढत होता. दगड दिसला की गाडी थांबवायची, यागोशनं दगड बाजूला करायचा, की पुन्हा पुढे. मागे वऱ्हाडाच्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये मुकाट येत होत्या. निशाणाच्या पुढे कोणी नव्हतं. तसं ते वुकोतानं इतकी वर्षं मनात पाहिलं होतं, फक्त त्यात गाडी धावत असे.

व्रेलाच्या देवळाशी पोचायला संध्याकाळ झाली. पुजारी पायरीवर बसून राहिला होता आणि सगळं गाव कुंपणापाशी उभं होतं. वुकोता घामानं भिजला होता. मानेवर कॉलर चिकटली होती, आणि आता काय काय ऐकावं लागेल या विचारानं त्याला मागे वळून बघायचा धीर होईना. मागून आवाज कसा येत नाही म्हणून बाल्शानंच दार उघडलं. नेवेनाचं डोकं आत्याच्या खांद्यावर होतं आणि दोघी गाढ झोपल्या होत्या.

नेवेना गुलाबी गालांनी उतरली. असं शांत वऱ्हाड आजोबांच्या वेळेनंतर बघितलं नव्हतं, नाहीतर हल्ली नुसते पळत येतात, असं म्हातारे म्हणू लागले. एक-दोघांनी तर आपल्या घरच्या लग्नाला ही गाडी मिळेल का म्हणून विचारलं, इंजिनाची आवश्यकता नाही असंही सांगितलं. वुकोता प्रत्येकाला मान हलवत होता. त्याला काही समजत नव्हतं. आयुष्यभराची कमाई देवळापुढे तेल गळत उभी होती आणि लोक तिचं कौतुक करत होते. यागोशनं त्याच्या हातात राकियाचा पेला दिला आणि स्वतःचा पेला त्यावर टेकवला, तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या घरापुढच्या बाकावर उन्हात बसली होती. वुकोता शेजारी जाऊन बसला. समोर गाडी उभी होती आणि मोमिर तिच्याभोवती फिरत, ओठांनी हिशेब करत होता.

"वुको," आत्या म्हणाली, "मी गेले की मला या गाडीतून न्या."

"काय बोलतेस, आत्या."

"खरंच सांगते. आणि काल चालवलीस तशी चालव. इंजिन बंद ठेवून."

वुकोतानं गाडीकडे पाहिलं आणि गिलावेवाल्याच्या नजरेनं माप घेतलं. "हिच्यात पेटी मावायची नाही, आत्या. आडवं ठेवायला जागाच नाही."

"मग बसवून न्या. आजवर ज्या गाडीत चढले त्या गाडीत आडवीच झाले मी. शेवटचं तरी ताठ बसून जाईन." आत्यानं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "ढकलायला यागोश आहे. तू फक्त या वेळी वेळेवर पोच."

वुकोतानं मान हलवली.

तेवढ्यात मोमिर हात पुसत आला. टाकी जर्मनीहून मागवावी लागेल, सिमेंट छिन्नीनं फोडावं लागेल, पण मनावर घेतलं तर इंजिन लवकरच सुरू करून देतो, असं तो म्हणाला. कधी कामाला लागू, त्यानं विचारलं.

"घाई नाही," वुकोता म्हणाला.

"मलाही नाही," आत्या म्हणाली, आणि कॉफी ठेवायला आत गेली.